रोममध्ये खोली घेण्यापूर्वी

'हॉटेल' या शब्दापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे एस. टी. स्टँडसमोर हॉटेल असते, तिथे मिसळ आणि चहा मिळतो. रात्री राहायची वेळ आली तर आपण लॉज शोधतो. युरोपात हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. तिथे जेवण मिळेलच असे नाही. आणि रोम शहरात ज्या दुकानावर 'बार' अशी पाटी दिसते, तिथे सकाळी कामावर निघालेली माणसे उभ्या उभ्या कॉफी पिऊन पुढे जातात. तेव्हा शब्द ओळखीचा असला तरी त्यामागची वस्तू तीच असेल, असे धरून चालू नये.

हे सगळे गावाकडच्या मंडळींना कशाला, असे कोणी विचारील. पण आता ती गोष्ट राहिली नाही. कुणाची मुलगी जर्मनीत शिकते, कुणाचा जावई हॉलंडात नोकरीला असतो, आणि निवृत्त झालेले गुरुजी फंडाच्या पैशातून "एकदा युरोप बघून येऊ" म्हणतात. सहल-कंपनीबरोबर जाणाऱ्याची खोली कंपनी बघते. स्वतःचे स्वतः जाणाऱ्याला मात्र ती मोबाइलवर स्वतःच घ्यावी लागते. दोन मिनिटांचे काम! आणि नेमके त्या दोन मिनिटांतच पैसे अडकतात. सगळ्या युरोपची माहिती एका भाषणात मावणार नाही, म्हणून मी एकट्या रोमचेच उदाहरण घेतो.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी आणि वहिनींनी रोममध्ये पाच रात्री राहायचे ठरवले. एकाच खोलीचे दोन दर दिसत होते, एक थोडा कमी, एक थोडा जास्त. सरांनी आयुष्यभर काटकसर केलेली. त्यांनी कमी दर धरला आणि सगळी रक्कम तिथल्या तिथे भरून टाकली. त्यानंतर व्हिसाचा अर्ज केला. कागद अपुरे निघाले, ते पुन्हा द्यावे लागले, आणि व्हिसा हातात पडला तेव्हा निघायची तारीख उलटून गेली होती. खोलीचे पैसे गेले ते गेलेच. आता हॉटेलने फसवले म्हणावे, तर तेही नाही. कमी दराच्या खाली बारीक अक्षरात 'नॉन-रिफंडेबल' असे लिहिलेले होते. म्हणजे या ना त्या कारणाने तुम्ही आला नाहीत, तरी पैसे परत नाहीत. सर म्हणाले, "पोरांना चाळीस वर्षे सांगत आलो की प्रश्न आधी नीट वाचा, आणि मीच वाचला नाही."

इथे एक गैरसमज होतो. युरोपात ग्राहकांच्या बाजूचा कायदा कडक आहे, घरबसल्या घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते, असे आपण ऐकलेले असते. ते खरे आहे. पण 2011 च्या त्या ग्राहक-कायद्यातून ठरावीक तारखेच्या मुक्कामाच्या खोल्या मुद्दाम वगळल्या आहेत. विचार बदलला म्हणून खोली परत, असा हक्क तिथे नाही. हॉटेलने दराबरोबर जी अट घातली असेल, तीच लागू.

आता व्हिसाचे बघा. इटली शेंगेन गटात आहे. या गटात आज 29 देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येते. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण 15 दिवसांत होतो, पण चौकशी लांबली तर 45 दिवसही लागतात. मोठ्या माणसांची फी 2024 च्या जूनपासून 90 युरो आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. कमीत कमी 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आणि कुठे राहणार याचा पुरावाही लागतो. खरी मेख आहे ती इथे. व्हिसा मिळण्याआधी खोली दाखवावी लागते, आणि खोलीचे पैसे भरावेत तर व्हिसा मिळेल की नाही याची खात्री नसते!

यातून वाट एकच. रद्द करता येणारी खोली घ्यायची. चार युरो जास्त पडतील, पडू द्यावेत. मात्र रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. ती वेळ रोमच्या घड्याळाची असते, बरं का. आपण उन्हाळ्यात त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. काही दलाल व्हिसापुरता खोटा बुकिंगचा कागद करून देतात. त्यांच्या नादी लागू नये. वकिलातीला तो कागद पडताळून पाहता येतो, आणि तो खोटा ठरला की व्हिसा जातोच, शिवाय पुढच्या अर्जालाही डाग लागतो.

पैशाची दुसरी गोष्ट म्हणजे शहराचा कर. रोमची नगरपालिका परगावच्या पाहुण्यांकडून दर माणशी, दर रात्री कर घेते. तीन तारे असलेल्या हॉटेलात तो 2023 च्या ऑक्टोबरपासून 6 युरो आहे, चार ताऱ्यांना साडेसात, पाच ताऱ्यांना 10. दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. सलग दहा रात्रींनंतर पुढे आकारत नाहीत. बहुतेक वेळा हा कर मोबाइलवर दिसणाऱ्या दरात धरलेला नसतो, तो तिथे गेल्यावर हॉटेलच्या कचेरीत भरायचा. चार मोठी माणसे तीन ताऱ्यांच्या हॉटेलात चार रात्री राहिली, तर 96 युरो झाले. 2025 च्या अखेरीस एक युरो शंभर रुपयांच्या वर गेला होता, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. कार्डाने पैसे देताना यंत्र विचारते, रुपयांत घेऊ की युरोत? युरोत म्हणावे. रुपयांत म्हटले की मधला कोणीतरी आपला दर लावतो, आणि तो सहसा महागच पडतो.

ताऱ्यांविषयीही थोडे. एक ते पाच तारे हे सोयींवरून ठरतात, इटलीत त्याचे नियम प्रांतवार आहेत. तारे जास्त म्हणून खोली शांत किंवा प्रशस्त असेलच असे नाही. तिथे आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचावेत, त्यातही तक्रारीचे आधी वाचावेत.

आणि रोमचे हॉटेल म्हणजे अख्खी इमारत, असेही समजू नका. कितीतरी हॉटेले जुन्या मोठ्या इमारतीच्या एखाद्याच मजल्यावर असतात. खाली दगडी कमान, जड लाकडी दरवाजा, त्याच्याशेजारी घंटांच्या बटणांची रांग. त्यातले आपले बटण दाबायचे. आत तळमजल्यावर कुणी वकील, पहिल्यावर दाताचा डॉक्टर, आणि तिसऱ्यावर आपले हॉटेल. या इमारती जुन्या, छते उंच, त्यामुळे एकेका मजल्याला पायऱ्या पुष्कळ. काही ठिकाणी पाळणा असतो तो जाळीच्या पिंजऱ्यासारखा. दोन माणसे आणि एक बॅग आत गेली की भरला. काही ठिकाणी तोही नसतो. गुडघे दुखणाऱ्यांनी 'लिफ्ट आहे का आणि ती तळमजल्यापासून आहे का' हे आधी लिहून विचारावे. रस्त्यावर छोट्या काळ्या दगडांची फरसबंदी असते, तीवर बॅगेची चाके खडखडतात आणि अडकतात. म्हणून सामान एका हाताने उचलेल इतकेच न्यावे.

दोन माणसांच्या खोलीला तिथे दोन नावे आहेत. 'मात्रिमोनियाले' म्हणजे नवरा-बायकोची, एकच मोठा पलंग असलेली. 'दोप्पिया' म्हणजे दोन स्वतंत्र पलंगांची. दोन शिक्षक मित्र निघाले असतील किंवा आई आणि लेक असेल, तर दोप्पिया मागावी. नाहीतर दार उघडल्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघायची वेळ येते.

जागा कोणती घ्यावी? विमानतळ फ्युमिचिनोला, शहरापासून सुमारे 30 किलोमीटरवर. तिथून थेट आगगाडी तेर्मिनी या मुख्य स्टेशनात सुमारे अर्ध्या तासात येते. स्टेशनाच्या आसपास हॉटेले ढीगभर आणि तुलनेने स्वस्त, मात्र रात्रीची वर्दळही तशीच, खिसे सांभाळावेत. तिथून कलोसियम भुयारी रेल्वेने दुसरे स्टेशन, व्हॅटिकनसाठी ओत्ताव्हियानो सहावे. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तरी स्टेशनापासून दहा मिनिटांच्या चालीवर राहा म्हणेन. लांबच्या स्वस्त खोलीत वाचलेले पैसे येण्याजाण्यात जातात. 'शहराच्या मध्यभागी' या शब्दांवर भिस्त ठेवू नये. पत्ता घेऊन नकाशावर बोट ठेवून बघावे.

पत्ता खरा आहे की नाही हेही बघता येते. 2025 च्या जानेवारीपासून इटलीत पाहुण्यांना खोल्या देणाऱ्याला राष्ट्रीय ओळखक्रमांक घ्यावा लागतो. त्याला 'चिन' म्हणतात. तो जाहिरातीत छापलेला असला पाहिजे. नसला, तर पैसे पाठवू नका. पोहोचल्यावर हॉटेलवाला प्रत्येकाचा पासपोर्ट मागतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाहुण्यांची नावे 24 तासांत पोलिसांना कळवणे त्याला बंधनकारक आहे. खोली साधारण दुपारी दोन-तीननंतर मिळते. सकाळी पोहोचलात तर बॅगा ठेवून घेतात, आधी विचारून ठेवावे.

शेवटी न्हाणीघर. आपल्या लोकांना ही काळजी फार, आणि ती रास्त आहे. बादली-तांब्या नसतो, डोक्यावरचा फवारा असतो. पण इटलीत एक समाधान आहे. 1975 च्या सरकारी हुकुमाप्रमाणे तिथे घराच्या न्हाणीघरात 'बिदे' म्हणजे धुण्याचे खुजे भांडे लागते, आणि हॉटेलांतही ते बहुधा असते. नळाचे पाणी प्यायला चांगले. रस्त्यावरच्या सुमारे अडीच हजार लोखंडी नळांचेही. फवाऱ्याजवळ वरून एक दोरी लोंबत असते, ती दिव्याची नव्हे. ओढली की कचेरीत धोक्याची घंटा वाजते आणि माणूस धावत येतो. मग दार किलकिले करून, ओल्या अंगाने, हातानेच "काही नाही, काही नाही" असे सांगावे लागते.