अंधांचा संगणक आणि त्यावरील पडदा

डोळस मनुष्य पत्र लिहीत असतां कोणी मागें येऊन उभा राहिला, तर तो सहज कागदावर हात ठेवितो. हें त्यास कोणी शिकविलेलें नसतें. मागें कोणी आहे हें त्यास दिसतें, म्हणून तो हात ठेवितो. ज्यास दिसतच नाहीं त्यानें काय करावें? संगणकाच्या बाबतींत हा प्रश्न मोठ्या विलक्षण रूपानें उभा राहतो. कारण ज्या काचेवर अंध मनुष्याचें पत्र, त्याची बँकेंतील शिल्लक किंवा डॉक्टरांचा अहवाल झळकत असतो, ती काच त्याच्या स्वतःच्या कांहींच उपयोगाची नसते. ती उजळते ती केवळ शेजाऱ्यासाठीं!

अंध मनुष्य संगणक वापरतो तो कानानें. यंत्रांत ‘स्क्रीन रीडर’ नांवाचा एक प्रोग्रॅम चालू असतो. काचेवर जीं अक्षरें येतात तीं तो मोठ्यानें वाचून दाखवितो, आणि कोणती कळ दाबल्यानें काय घडलें हें बोलून सांगतो. माऊसचें येथें काम नाहीं. बहुतेक सर्व कारभार कीबोर्डावर चालतो. असे प्रोग्रॅम अनेक आहेत. जॉज हा जुना व महाग. एनव्हीडीए हा मायकेल करन या ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणानें २००६ सालीं लिहावयास घेतला. तो विनामूल्य असल्यामुळें आपल्याकडील विद्यार्थ्यांस त्याचा फार आधार झाला आहे, आणि त्याजकडून मराठीही वाचवून घेतां येतें. ॲपलच्या यंत्रांत व्हॉइसओव्हर व बहुतेक अँड्रॉइड फोनांत टॉकबॅक हे मूळचेच असतात.

एकांतांत वाचणें ही गोष्ट अंधांस पूर्वीं किती दुर्लभ होती, हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. पॅरिस येथील अंधशाळेंत प्रथम उठावाचीं मोठालीं अक्षरें बोटांनीं चांचपून वाचावयास शिकवीत. तें वाचन संथ. शिवाय त्या अक्षरांत अंधानें स्वतः पत्र लिहिणें जवळजवळ अशक्यच. त्यामुळें पत्र आलें कीं तें दुसऱ्यानें वाचावयाचें आणि उत्तरही दुसऱ्यानेंच लिहावयाचें. त्याच शाळेंतील लुई ब्रेल यानें १८२९ सालीं आपली ठिपक्यांची लिपि प्रसिद्ध केली, तेव्हां तो अवघा वीस वर्षांचा होता. सहा ठिपक्यांच्या या लिपीनें अंधांस विद्या दिली असें आपण नेहमीं म्हणतों, आणि तें खरेंच आहे; परंतु तिनें त्यांस आणखी एक वस्तु दिली, तिचा उच्चार क्वचितच होतो. ती वस्तु म्हणजे स्वतःचें असें खासगी पत्र. घरांत ब्रेल जाणणारें दुसरें कोणी नसेल, तर टेबलावर उघडें पडलेलें पत्रही गुप्तच राहतें.

संगणकानें अंधांस ग्रंथालयें दिलीं, नोकऱ्या दिल्या, वर्तमानपत्रें दिलीं. पण हें एक हातचें काढून घेतलें. माझ्या ओळखीचा एक अंध पदवीधर एका कचेरींत कामास आहे. तो हेडफोन लावून आपल्या बहिणीस तिच्या सासरच्या एका अडचणीसंबंधानें पत्र लिहीत होता. पत्र पुरें होतें न होतें तोंच मागून एक सहकारी म्हणाले, “बहिणीला माहेरीं घेऊन या, असें स्पष्टच लिहा कीं!” त्या गृहस्थांचा हेतु वाईट नव्हता, सल्लाही कदाचित् योग्यच असेल. परंतु असे किती दिवस व किती जणांनीं आपलीं पत्रें वाचलीं असतील, या विचारानें त्याला त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

यावरील उपाय अगदीं सरळ आहे: ज्यास काच नको, त्याची काच काळी करून टाकावी. आयफोनवर व्हॉइसओव्हर चालू असतां तीन बोटांनीं तीनदां टकटक केलें कीं काच विझते. फोन मात्र जागाच असतो, स्पर्श ओळखतो व बोलतो. एनव्हीडीएमध्यें ही सोय २०२० च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या आवृत्तींत आली. आतां एनव्हीडीएच्या कळीबरोबर कंट्रोल व एस्केप या कळा दाबल्या असतां ती चालू होते, आणि काच पूर्ण काळी होणार आहे अशी सूचना तो प्रोग्रॅम अगोदर देतो. जॉजमध्यें इन्सर्ट व स्पेस दाबून मग एफ-११ दाबावें लागतें. टॉकबॅकच्या मेनूंतही काच झांकण्याचा पर्याय आहे. इंग्रजींत यास ‘स्क्रीन कर्टन’ म्हणतात. मराठींत स्क्रीनही पडदा व कर्टनही पडदा, असा मोठा घोटाळा होतो. म्हणून मी पहिल्यास काच व दुसऱ्यास पडदा म्हणत आहें.

वरील पदवीधरानें आपल्या फोनावर पडदा टाकिल्यास आतां बरेच दिवस झाले. लोकलगाडींत हमखास कोणी तरी त्याच्या खांद्यास हात लावून सांगतो, “दादा, फोन बंद पडलाय तुमचा.” तो हंसून “असूं द्या” म्हणतो.

तथापि पडद्याच्या मर्यादा आहेत. चित्रांतील अक्षरें ओळखून वाचण्याची एनव्हीडीएची जी युक्ति आहे ती काचेवरील चित्र पाहूनच चालते. पडदा असतां ती चालत नाहीं. ज्यास थोडी दृष्टि आहे व जो अक्षरें मोठीं करून वाचतो, त्यास पडदा निरुपयोगी. शिवाय पडदा खरोखर पडला कीं नाहीं हें अंधास स्वतः पाहतां येत नाहीं. यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. कांहीं जण पडद्याऐवजीं काचेचा उजेड अगदीं कमी करून ठेवितात. हें माझ्या मतें न केलेलेंच बरें. कारण अंधुक काचही अंधाऱ्या खोलींत जवळून वाचतां येते, आणि वापरणारा मात्र निर्धास्त राहतो.

डोळ्यांचा बंदोबस्त झाला तरी कानांचा राहतोच. सरावलेले अंध वाचक यंत्रास इतक्या वेगानें बोलावयास लावितात कीं नवख्यास तो नुसता खडखडाट वाटतो. पण तेवढ्यावर भिस्त ठेवणें बरें नव्हे. हेडफोन हवाच, मात्र रस्त्यांत दोन्ही कान झांकले तर मोटारीचा आवाज ऐकूं येत नाहीं, म्हणून पुष्कळजण एकच कान झांकतात. पासवर्ड हें सर्वांत अवघड प्रकरण. काचेच्या फोनावर बोटाखालीं कोणतें अक्षर आहे हें फोनानें सांगितल्यावांचून कळत नाहीं, आणि मोठ्यानें सांगितलें तर शेजाऱ्यासही कळतें. म्हणून टॉकबॅकमध्यें अशी व्यवस्था करतां येते कीं हेडफोन लावला असेल तरच पासवर्डाचीं अक्षरें उच्चारलीं जावींत. बोटाच्या ठशानें फोन उघडण्याची सोय झाल्यापासून हा त्रास बराच हलका झाला आहे. आवाजही नको व उजेडही नको असें एक साधन आहे. तें म्हणजे ब्रेल डिस्प्ले. त्यांतील बारीक टांचण्या वरखालीं होऊन काचेवरील ओळ बोटाखालीं ब्रेलमध्यें उमटते. लुई ब्रेलचा एकांत येथें पुन्हां मिळतो. पण त्याची किंमत आपल्याकडील सामान्य विद्यार्थ्याच्या आवांक्याबाहेरची आहे.

बँकेचें एटीएम हाही एक संगणकच. त्यासमोर अंध मनुष्यास आपला गुप्त अंक सोबत्यास किंवा पहारेकऱ्यास सांगावा लागे, यापरती नामुष्की ती कोणती? रिझर्व्ह बँकेनें २००९ सालीं नव्या यंत्रांपैकीं निदान एकतृतीयांश बोलकीं असावींत असें कळविलें. २०१२ सालीं युनियन बँकेनें अहमदाबाद येथें बोलकें यंत्र बसविलें. आणि १ जुलै २०१४ पासून बसविलें जाणारें प्रत्येक नवें यंत्र बोलणारें व ब्रेल कळांचें असावें असा नियम झाला. अशा यंत्रास इअरफोन जोडला कीं सूचना केवळ त्या कानांत ऐकूं येतात, आणि कित्येक यंत्रांत काच काळी करण्याचीही सोय असते. इअरफोन मात्र ज्याचा त्यानें घरून न्यावा लागतो.