दुसरी कधी?

खांदेश्वर स्टेशनवर सकाळी उलटा प्रवास पाहायला मिळतो. जायचं असतं सीएसएमटीला, पण बाई चढते पनवेलच्या गाडीत. एक स्टेशन मागे जायचं, लेडीज डब्यात बूड टेकायला जागा मिळवायची आणि त्याच गाडीने 'रिटर्न' यायचं. पुढचा सव्वा तास उभं राहण्यापेक्षा ही जास्तीची मिनिटं परवडतात. कामोठे आणि नवीन पनवेलमधून निघालेल्या या डब्यात वकील असतात, बँकेतल्या अधिकारी असतात, इंजिनियर, सीए, नर्स असतात. पदव्यांत त्या शेजारच्या जेन्ट्स डब्यापेक्षा कमी नाहीत. मात्र पंधरा-वीस वर्षांनी ऑफिसातल्या मोठ्या केबिनमध्ये कोण बसलंय हे पाहिलं, तर लेडीज डब्यातली माणसं तिथे मोजकीच सापडतात.

मुंबईच्याच रेल्वेत एक बाई थेट इंजिनाच्या केबिनमध्ये पोचली. साताऱ्याच्या शेतकरी घरातल्या सुरेखा यादव. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेऊन 1980च्या दशकाच्या अखेरीस त्या मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या. 2000 साली त्यांनी लेडीज स्पेशल लोकल चालवली, 8 मार्च 2011 रोजी डेक्कन क्वीन, आणि मार्च 2023 मध्ये सोलापूरहून सीएसएमटीपर्यंत वंदे भारत. सप्टेंबर 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या. प्रत्येक टप्प्याची बातमी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण बाई इंजिनात चढल्यानंतरही बहुतेक इंजिनांत स्वच्छतागृह नव्हतंच, ही गोष्ट मथळ्यात क्वचित आली. पुरुष चालकांचीही त्याने अडचण होत होती, बायकांची तर फारच. नोकरी मिळाली, पण ते काम कुणाच्या शरीराच्या हिशोबाने आखलंय हे कुणी पाहिलं नाही.

'पहिली महिला' हा आपल्या वर्तमानपत्रांचा आवडता मथळा. त्यापेक्षा 'दुसरी कधी आली?' असं विचारलं की चित्र अधिक स्पष्ट होतं.

मुंबई उच्च न्यायालय 1862चं. तिथे न्यायमूर्ती म्हणून पहिली स्त्री, सुजाता मनोहर, 1978 साली आल्या. 1994 मध्ये त्याच तिथल्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या. दुसऱ्या मंजुला चेल्लूर, त्या आल्या 2016 मध्ये. मधली 22 वर्षं मुंबईत हुशार वकील बायका नव्हत्या, असं कोण म्हणेल? स्टेट बँकेचं मुख्यालय मुंबईतच आहे. 2013 साली अरुंधती भट्टाचार्य या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. 2017 मध्ये त्या निवृत्त झाल्यावर अध्यक्षाच्या खुर्चीत एकामागून एक पुरुषच आले. आणि मंत्रालय? राज्य 1960चं, पहिल्या महिला मुख्य सचिव सुजाता सौनिक, नेमणूक जून 2024 अखेरची. त्यांचे पती मनोज सौनिक आयएएसच्या त्याच 1987च्या तुकडीतले. ते 2023 मध्येच त्या खुर्चीवर बसून निवृत्तही झाले होते.

या सगळ्याला केवळ साहेबांचा पूर्वग्रह जबाबदार धरला तर हिशोब अर्धाच राहतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023चं नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडल्याबद्दल. त्यांच्या मांडणीत 'हावरं काम' अशी एक कल्पना आहे. काही नोकऱ्या वेळी-अवेळी हाताशी असणाऱ्या माणसाला तासांच्या मानाने फार जास्त पैसे आणि बढती देतात. नवरा-बायको दोघंही तशा नोकरीत राहिले तर मूल कोण सांभाळणार? मग एकजण हावरं काम धरतो आणि दुसरा लवकर घरी पोचता येईल असं. तो दुसरा म्हणजे बहुधा दुसरी.

हे खांदेश्वरच्या वेळापत्रकात बसवून पाहू. समजा ऑफिस फोर्टात आहे आणि पाळणाघर साडेसातला बंद होतं. पावणेसहाची गाडी चुकली की सगळं कोलमडतं. साहेबांनी सहाची मीटिंग लावली, तर बाईविरुद्ध कुणी काहीही न बोलता ती बाहेर पडते. महत्त्वाचा क्लायंट, दिल्लीचा दौरा, पुण्याची बदली, सगळं त्या मीटिंगमध्ये थांबलेल्याकडे जातं. पाच वर्षांनी बढतीच्या वेळी फाइलवर अनुभव कमी दिसतो, आणि तो खरोखरच कमी असतो.

घरी पोचल्यावरची पाळी वेगळीच. केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, पुरुष 88.

कायद्याने काही केलं नाही असं नाही. कंपनी कायदा, 2013 मुळे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक स्त्री घेणं बंधनकारक झालं. तेव्हा अनेक उद्योगघराण्यांनी कुटुंबातलीच पत्नी, मुलगी वा सून बसवली. मग सेबीला मोठ्या कंपन्यांना 'स्वतंत्र' महिला संचालक नेमा असं बजावावं लागलं. 2017च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची. हेतू चांगला, पण रजेच्या पगाराचा बोजा बहुतांशी एकट्या मालकावर. वडिलांच्या रजेची सक्ती मात्र खासगी कंपन्यांवर नाहीच. त्यामुळे मुलाखतीत 'लग्न झालंय का?' हा प्रश्न तरुणीलाच जास्त ऐकावा लागतो.

अलीकडे सहाची मीटिंग फोनवरही होते. संध्याकाळच्या पनवेल लोकलमध्ये कानात इयरफोन, फोन म्यूट आणि मांडीवर निवडायला घेतलेली मेथीची जुडी, असं दृश्य दुर्मीळ नाही. मानसरोवर गेलं की जुडी पिशवीत जाते, बाई दाराकडे सरकते. खांदेश्वरचा जिना उतरतानाही मीटिंग चालूच असते. पाळणाघराच्या दारात मूल 'आई' म्हणून ओरडतं आणि नेमकं तेव्हाच फोनमधून कुणीतरी तिचं मत विचारतं.