मिसळणाचा डबा आणि डेटाबेस

आपल्यापैकी पुष्कळांची रोजीरोटी डेटाबेसवर चालते. उरलेल्यांचे बँकेचे खाते, विमा आणि मुलांची शाळेतली नोंद त्यातच असते. म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नाही.

१९७० साली एडगर कॉड यांनी तक्त्यांची पद्धत मांडली. तिचे सूत्र असे, की एका चौकटीत एकच माहिती असावी. पुढे चौकटीत बसणार नाही अशी माहिती येऊ लागली आणि पोस्टग्रेसने २०१४ मध्ये व मायएसक्यूएलने २०१५ मध्ये एका रकान्यात अख्खा जेसन मजकूर बाळगण्याची चांगली सोय केली. जणू फडताळाच्या एका खणात मिसळणाचा डबाच ठेवला!

समजा, एखाद्या मंडळाच्या सभासदयादीत 'तपशील' हा असा रकाना आहे. सहलीच्या आदल्या रात्री एक कार्यकर्ती मुलाची शेंगदाण्याची ॲलर्जी नोंदवते, त्याच वेळी दुसरा कार्यकर्ता त्याच कुटुंबाचा फोन बदलतो. प्रोग्रॅम संपूर्ण मजकूर वाचून, बदलून, पुन्हा लिहीत असेल, तर नंतर लिहिणाऱ्याची जुनी प्रत ॲलर्जीची नोंद पुसून टाकते, आणि कुणालाच चूक दिसत नाही.

उपाय म्हणजे डबा घरी न नेता, जागेवरच एक वाटी भरायला डेटाबेसला सांगणे. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी 'जेसनबी_सेट' आहे; त्याला रकाना, वाटीपर्यंतचा मार्ग आणि नवे मूल्य द्यायचे. मायएसक्यूएलमध्ये 'जेसन_सेट' आहे. जी वाटी आधीपासून आहे तीच बदलायची असेल तर 'जेसन_रिप्लेस'. एकाच 'अपडेट' आज्ञेत हे केले, की दुसरा बदल पहिला पुरा होईपर्यंत थांबतो आणि ताज्या मजकुरावर चालतो.

दोन खाचखळगे मात्र ध्यानात ठेवावेत. पोस्टग्रेसच्या 'जेसनबी_सेट'ला नवे मूल्य 'नल' मिळाले, तर उत्तरही 'नल' येते, म्हणजे एका वाटीपायी सगळा डबा रिकामा होतो. रकान्यावर 'नॉट नल'चे बंधन असले, तर अशी आज्ञा नाकारली जाते. २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून 'जेसनबी_सेट_लॅक्स' हा पर्यायही आहे. दुसरे, मार्गातली मधली पायरीच नसेल, तर मजकूर काहीही तक्रार न करता जसाच्या तसा राहतो. तेव्हा बदल झाला की नाही, हे पुन्हा वाचून पाहावे.

शिवाय पोस्टग्रेस एका वाटीसाठी आतून सारा डबा नव्याने लिहितो. म्हणून जी माहिती वारंवार बदलते, किंवा जिच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे, तिला स्वतंत्र रकानाच द्यावा. कॉड यांचे सूत्र तिथे आजही खरे आहे.