लिलाव, राखीव आणि अदलाबदल

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकसारखा महत्त्वाचा खेळाडू मिळवण्यासाठी संघ करार आणि अदलाबदलीचे डाव टाकतात. आपल्याकडे आयपीएलचे संघ तेच करतात. सोलापूरचा अष्टपैलू अर्शिन कुलकर्णी याला 2023 च्या डिसेंबरमधील लिलावात लखनौ सुपर जायंट्सने 20 लाखांना घेतले.

संघापुढे मार्ग तीन. खेळाडू राखून ठेवायचा, मोकळा करून लिलावात बोली लावायची किंवा दुसऱ्या संघाशी व्यवहार करायचा. राखलेल्या खेळाडूची रक्कम लिलावाच्या थैलीतून वजा होते, म्हणून एकाला जास्त दिले की बाकीच्यांसाठी कमी उरते. अदलाबदल खेळाडूच्या संमतीशिवाय होत नाही. ती रोखीनेही होते आणि खेळाडूच्या बदल्यातही. नोव्हेंबर 2025 मध्ये शार्दूल ठाकूर 2 कोटींच्या मानधनावर लखनौहून मुंबईत आला, तर अर्जुन तेंडुलकर मुंबईतून 30 लाखांवर लखनौला गेला. त्याच वेळी संजू सॅमसन चेन्नईत आणि रवींद्र जडेजा राजस्थानात गेला. त्यात जडेजाचे मानधन 18 कोटींवरून 14 कोटींवर आले.

सोलापूरच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या मुलामुलींनी आणि पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे: बोलीचा आकडा संघाची त्या वेळची गरज सांगतो, खेळाडूची योग्यता नव्हे.