हरमलचा वारा आणि हौसेची किंमत

पेडणे तालुक्यातून आकाशात जाण्याच्या आज दोन वाटा आहेत. एक मोपाच्या पठारावरून. तेथील मोठा विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी खुला झाला. दुसरी हरमल आणि केरी या गावांमधल्या समुद्रकाठच्या डोंगरावरून. येथे धावपट्टी नाही, मनोरा नाही, तिकिटाची खिडकीही नाही. पाठीवर कापडाचे बोचके घेऊन माणूस डोंगर चढतो, ते वाऱ्यावर पसरतो आणि पाचसहा पावले धावून अधांतरी होतो. या खेळाला पॅराग्लायडिंग म्हणतात. पहिली वाट गरजेची, दुसरी निव्वळ हौसेची.

हरमलच्या किनाऱ्यालगत, डोंगराच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचे एक तळे आहे. तेथून वरची पायवाट धरली, की जांभ्या दगडाचा मोकळा सडा लागतो. उत्तरेस केरीचा किनारा आणि खाडीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. मी तेथे दुपारभर बसलो होतो. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यावयास समुद्रावरचा वारा आत येतो. वाटेत डोंगर आडवा आला, की त्या वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. या चढत्या वाऱ्याच्या पट्ट्यात राहून कड्याच्या कडेने येरझारा घालीत राहावयाचे, एवढीच यातली किमया. घारींना ती फार पूर्वीपासून अवगत आहे.

यातला आनंद शब्दांत सांगणे कठीण, पण ज्यांनी तो घेतला त्यांचे चेहरे पाहिले म्हणजे पुरे. इंजिनाची घरघर नाही, काचेची खिडकी नाही. पायांखाली लाटांच्या पांढऱ्या रेघा आणि कानांत फक्त दोऱ्यांतून जाणारा वारा. खाली वाळूवर उतरलेला पन्नाशीचा गृहस्थसुद्धा शाळेच्या सहलीहून आलेल्या पोरासारखा बोलत सुटतो.

उडण्याची हौस आपल्याकडे पूर्वी श्रीमंतांचीच होती. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ साली निघाला आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटा यांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या हौसेचे पुढे, १९३२ साली, कराची-मुंबई टपालसेवेत रूपांतर झाले, हे आपले भाग्य. पण साऱ्यांचीच हौस अशी फळत नाही. आजही खासगी परवान्यासाठी किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते आणि प्रत्येक तासाचा खर्च सामान्य पगारदाराच्या छातीत धडकी भरविणारा असतो. छोट्या विमानांना लागणारे खास पेट्रोल परदेशातून आणावे लागे. ते २०२२ पासून आपल्या बडोद्याच्या रिफायनरीत तयार होऊ लागले, तरी हा शौक काही मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलेला नाही.

कापडी पंखाने ही भिंत पाडली. १९७८ साली फ्रान्समधील मिएसी गावी तिघा छत्रीधारींनी विमानातून उडी घेण्याऐवजी डोंगरउतारावरून धावत उड्डाण केले आणि तेथून या खेळाचा प्रसार झाला. आज आपल्या कामशेतच्या डोंगरावर तो रीतसर शिकविला जातो. आणि ज्याला शिकावयाचे नाही, त्याला चालकापुढे बांधून घेऊन काही मिनिटे फिरवून आणण्याचीही सोय असते.

येथेच हिशेब चुकतो. पैशाची किंमत घटली म्हणून दुसरी किंमत घटत नाही. ती वाट पाहण्यात द्यावी लागते. वारा मंद असेल तर पंख खाली बसतो, फार जोराचा असेल तर माणसाला मागे ढकलतो. आणि कड्यामागे वाऱ्याचे भोवरे असतात, ते भल्याभल्यांना आपटतात. कापड उन्हाने विरते, दोऱ्या मिठाने आणि घासण्याने झिजतात. जर्मनीच्या ऑटो लिलिएन्थालने टेकडीवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली, वाऱ्याचा अभ्यास त्याच्याइतका त्या काळी दुसऱ्या कोणाचा नव्हता. तरी १८९६ साली तो उड्डाणातच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी निवर्तला. जाणत्याची ही गत, तर नवशिक्याने काय समजावे?

१८ जानेवारी २०२५ रोजी केरीच्या पठारावरून उडालेला पंख थोड्याच वेळात दरीत कोसळला. सहलीस आलेली एक तरुणी आणि तिला घेऊन उडालेला तरुण, दोघेही गेले. व्यवसाय चालविणाऱ्यावर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्या तरुणीने पैसे मोजले होते. वारा कसा आहे, चालकाचा अनुभव किती, हे पारखण्याची विद्या तिच्यापाशी असण्याचे कारण नव्हते. ती विद्या दुसऱ्याजवळ आहे, या विश्वासावरच तर प्रवासी स्वतःला बांधून घेतो.

मी बसलो होतो त्या दुपारी एक चालक हातात मूठभर सुके गवत घेऊन उभा होता. तो ते सोडी, ते तिरके जाई, की मान हलवी. खाली चार गिऱ्हाइके ताटकळत होती. दीड तासाने त्याने पंख गुंडाळला आणि म्हणाला, "आज नाही." त्या दोन शब्दांत त्याची दिवसाची कमाई गेली. उडण्याची खरी किंमत ती, आणि स्वस्त सौद्यात पहिली काटछाट होते तीही तिचीच.

आपल्या घरची मुले नाताळात गोव्यास जातात. त्यांना हौस करू नका असे सांगण्यात अर्थ नाही. करू द्यावी. फक्त पट्टे बांधण्यापूर्वी चार प्रश्न विचारावयास सांगावे. चालकाचा परवाना आणि अनुभव काय? पंख किती जुना? जादा छत्री बरोबर आहे काय? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा: वारा नसेल तर पैसे परत द्याल काय? या चौथ्या प्रश्नावर जो चटकन हो म्हणेल, त्याच्याबरोबर जावयास हरकत नाही. जो "वारा काय, येतोच" म्हणून हसेल, त्याला लांबूनच रामराम करावा.