असं का होतं? : घर बंद, तरी वीजबिल चालू

महिनाभर घराला कुलूप, मेन स्विच बंद, मीटरचा आकडा जागचा हललेला नाही. तरी बिल येतंच. त्यात एक ओळ असते : स्थिर आकार. वापरलीच नाही, त्या विजेचे पैसे कशाचे?

विजेचा खर्च दुहेरी असतो. जाळलेल्या कोळशाचा खर्च वापराप्रमाणे कमी-जास्त होतो. पण उपकेंद्र, रोहित्र, खांब, तारा आणि भर पावसात खांबावर चढणारा लाइनमन, हा खर्च तुम्ही घरी असा वा नसा, चालूच राहतो. शिवाय वीज मोठ्या प्रमाणावर साठवणं महागात पडतं. म्हणून सर्वाधिक मागणीला पुरेल एवढी यंत्रणा वर्षभर सज्ज ठेवावी लागते. यातला काही भाग स्थिर आकारातून वसूल होतो.

मग दुसऱ्या कंपनीकडून वीज का घेऊ नये? एकाच ओढ्यावर शेजारी-शेजारी दोन पूल बांधले, तर दोन्हींचा खर्च गावावरच पडतो. तारांचंही तसंच. म्हणून राज्याच्या बहुतेक भागात वितरण एकट्या महावितरणकडे आहे.

स्पर्धा नाही, तिथे मनमानीची भीती असते. त्यामुळे दर कंपनी नव्हे, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. कंपनी खर्चाचा हिशोब मांडते, आयोग तो तपासतो आणि अवाजवी खर्च नाकारू शकतो. दरवाढीच्या प्रस्तावावर कोणताही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो. हा हक्क जरूर वापरा. हिशोब विचारणारे ग्राहक असतील, तरच हा पहारा जागता राहील.