मिश्र युद्धकला : वजनघट आणि शारीरिक क्षमता

प्रस्तावना :
मिश्र युद्धकलेत ठोसे, लाथा, कुस्ती व जमिनीवरील पकडी यांचा एकत्रित वापर होतो. सर्वसाधारण लढत प्रत्येकी 5 मिनिटांच्या 3 फेऱ्यांची असते. त्यासाठीचा दमदारपणा अनेक आठवड्यांच्या सरावाने कमावला जातो. परंतु अखेरच्या दिवसांतील वजनघट तो हिरावून घेऊ शकते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

वजनघटीचे परिणाम :
वजनतपासणी बहुधा लढतीच्या आदल्या दिवशी होते. त्यामुळे खेळाडू पाणी वर्ज्य करून व घाम गाळून वजन उतरवितात. यात मुख्यतः शरीरातील पाणी घटते. रक्तद्रवाचे आकारमान कमी होते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक कमी रक्त बाहेर पडते, नाडीचा वेग वाढतो आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता खालावते. ही हानी एका दिवसात पूर्णपणे भरून निघेलच असे नाही.

नियमांतील बदल :
1997 मध्ये अमेरिकेत अशा वजनघटीमुळे 3 महाविद्यालयीन कुस्तीगीर मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत मूत्राच्या विशिष्ट गुरुत्वाची चाचणी सुरू झाली व वजनतपासणी सामन्याच्या निकट आणली गेली. डिसेंबर 2015 मध्ये वजन उतरविताना कोसळलेला चिनी खेळाडू यांग जियानबिंग मनिला येथे मरण पावला; तेव्हा वन चॅम्पियनशिप या संस्थेने निर्जलीकरणाद्वारे वजन घटविण्यास मनाई केली.

समारोप :
आपल्या महाविद्यालयांतील कुस्ती, ज्यूदो व मुष्टियुद्ध यांतही वजनगट आहेत. म्हणून क्रीडाशिक्षकांनी हंगामापूर्वीच खेळाडूचे वजन व चरबीचे प्रमाण पाहून गट निश्चित करावा आणि सरावाची आखणी त्यानुसार करावी.